कुकी-संमती

कुकी-संमती : संकेतस्थळाला भेट देणाऱ्या व्यक्तीच्या संगणकावर वा भ्रमणध्वनीवर ओळखखुणेची छोटी नोंद ठेवण्यापूर्वी तिची जी परवानगी घेतली जाते, तीस कुकी-संमती असे म्हणतात. अशा नोंदीला ‘कुकी’ ही संज्ञा आहे. कुकींचे उपयोग अनेक आहेत. तथापि संमतीचा प्रश्न प्रामुख्याने जाहिरातींसाठी ठेवल्या जाणाऱ्या कुकींच्या संदर्भात उद्‌भवला. ही परवानगी केव्हा मागावी, नकार देणे किती सुलभ असावे आणि ती कोणत्या भाषेत मागावी, हे या विषयातील तीन मूलभूत प्रश्न होत. त्यांपैकी पहिल्या दोहोंचा ऊहापोह मुख्यतः यूरोपात झाला. तिसरा प्रश्न भारतात विशेष महत्त्वाचा ठरला असून हिंगोलीसारख्या बहुभाषिक व बहुतांशी ग्रामीण जिल्ह्यात त्याचे स्वरूप ठळकपणे दिसते. या कारणाने लेखाच्या उत्तरार्धात त्या जिल्ह्याचा विचार केला आहे.

स्वरूप व कार्य : संकेतस्थळ व ब्राउझर यांच्यातील देवाणघेवाणीच्या मूळ नियमांत स्मृतीची तरतूद नव्हती. ब्राउझरने केलेली प्रत्येक मागणी सर्व्हरच्या दृष्टीने नवीन व स्वतंत्र असे. त्यामुळे एका पानावर निवडलेली वस्तू दुसऱ्या पानावर जाईपर्यंत विसरली जाई. ही उणीव कुकीने भरून काढली. सर्व्हर आपल्या उत्तरासोबत एक नाव व एक मूल्य पाठवितो. ब्राउझर ते जपून ठेवतो आणि त्याच संकेतस्थळाकडे पुन्हा मागणी करताना ते परत धाडतो. कुकी म्हणजे संगणकात शिरणारा कार्यक्रम नव्हे; तो केवळ अक्षरांचा व अंकांचा एक लहानसा मजकूर असतो. ब्राउझर बंद होताच नाहीशा होणाऱ्या कुकी तात्पुरत्या, तर ठरावीक मुदतीपर्यंत टिकणाऱ्या कुकी दीर्घकालीन मानल्या जातात.

संमतीच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद मात्र कुकी ठेवणारा कोण, हा आहे. वाचक ज्या संकेतस्थळावर गेला त्यानेच ठेवलेली कुकी स्वपक्षीय होय. त्या पानावर जाहिरात, चित्र वा मोजणीची खूण अन्य संस्थेच्या सर्व्हरवरून येत असेल, तर ती संस्थाही आपली कुकी ठेवू शकते. ही त्रयस्थ कुकी होय. एकच जाहिरातसंस्था वृत्तपत्र, हवामान, बाजारभाव आणि आरोग्यविषयक माहिती देणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर उपस्थित असते. या सर्व ठिकाणी तिला तोच ओळखक्रमांक परत मिळत असल्याने भिन्न भेटींची सांगड घालून त्या वाचकाच्या आवडीनिवडींचे चित्र तयार करणे तिला शक्य होते. कुकीत सामान्यतः नाव वा पत्ता नसतो. परंतु क्रमांकाभोवती साठत जाणारी माहिती व्यक्तीपर्यंत पोहोचू शकते. वाचकाने यांपैकी कोणत्याही संस्थेचे नाव ऐकलेले नसते, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे.

उगम व प्रसार : कुकीची रचना १९९४ मध्ये नेटस्केप या अमेरिकन कंपनीतील लू माँटुली या तंत्रज्ञाने केली. संगणकशास्त्रात कार्यक्रमांनी एकमेकांकडे सोपविलेल्या सांकेतिक खुणेस ‘मॅजिक कुकी’ म्हणत. त्यावरून हे नाव आले. आंतरजालावरील दुकानातील खरेदीची टोपली ग्राहकाच्याच संगणकावर लक्षात ठेवणे, हा मूळ हेतू होता. प्रारंभी ब्राउझर कुकी निमूटपणे स्वीकारीत असे आणि वापरणाऱ्यास त्याची वार्ताही नसे. १९९६ मध्ये वृत्तपत्रांतून हा विषय पुढे आल्यावर जनतेचे लक्ष तिकडे वेधले गेले. आंतरजालाचे तांत्रिक संकेत ठरविणाऱ्या अभियंत्यांच्या मंडळाने फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकात त्रयस्थ कुकींना आपोआप मुभा देऊ नये, अशी भूमिका घेतली होती. परंतु त्या काळच्या दोन्ही प्रमुख ब्राउझरांनी ती अंगीकारली नाही आणि जाहिरातव्यवसायाची वाढ याच मोकळ्या वाटेने झाली.

त्रयस्थ कुकींवर उभ्या राहिलेल्या संस्थांत डबलक्लिक ही अग्रगण्य होती. तिने १९९९ मध्ये ॲबॅकस डायरेक्ट ही टपालखरेदीच्या ग्राहकांची माहिती बाळगणारी कंपनी विकत घेतली. निनावी भ्रमंती आणि खरी नावे-पत्ते यांची जोड घालण्याच्या योजनेस अमेरिकेत तीव्र विरोध झाला. संघीय व्यापार आयोगाने चौकशी आरंभिली आणि मार्च २००० मध्ये कंपनीने ती योजना स्थगित केली. पुढे २००८ मध्ये डबलक्लिक गूगलच्या स्वामित्वाखाली गेली.

यूरोपीय कायदे : यूरोपीय संघाच्या २००२ च्या निदेशाने वाचकाला माहिती देऊन नकाराची संधी द्यावी, असे ठरविले, म्हणजे वाचक गप्प राहिल्यास कुकी ठेवता येई. २००९ च्या दुरुस्तीने ही दिशा पालटली व आधी संमती, मग कुकी असा क्रम घालून दिला. सदस्य देशांनी मे २०११ पर्यंत तदनुसार कायदे करावयाचे होते. वाचकाने मागितलेली सेवा पुरविण्यास जी कुकी अत्यावश्यक आहे, तिला या अटीतून वगळण्यात आले. तथापि संमती म्हणजे काय, याबाबत संदिग्धता राहिली. ‘हे संकेतस्थळ वापरणे म्हणजे कुकींना मान्यता देणे होय’ अशा आशयाच्या पट्ट्या सर्वत्र दिसू लागल्या. त्यांत नकारास जागाच नसे.

२५ मे २०१८ पासून लागू झालेल्या माहितीसंरक्षणाच्या सर्वसाधारण नियमावलीने संमती ही स्वेच्छेची, विशिष्ट हेतूपुरती, माहितीपूर्वक आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, असा निकष घालून दिला. या निकषाचा अर्थ यूरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘प्लॅनेट४९’ या जर्मन कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केला. तिच्या सोडतीच्या पानावर कुकींच्या चौकटीत आधीच खूण केलेली होती. आधीच केलेली खूण न पुसणे ही संमती नव्हे, तसेच कुकीची मुदत आणि तिचा लाभ अन्य कोणास मिळणार आहे, हेही वाचकास सांगितले पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले.

यानंतर वाद नकाराच्या सुलभतेकडे वळला. स्वीकाराचे बटन ठळक व एका स्पर्शात साधणारे, तर नकाराची वाट दोन-तीन पानांआड, अशी रचना सर्रास आढळे. फ्रान्सच्या माहितीसंरक्षण प्राधिकरणाने संमतीपूर्वीच जाहिरातकुकी ठेवल्याबद्दल डिसेंबर २०२० मध्ये गूगलला १० कोटी व ॲमेझॉनला ३.५ कोटी यूरो दंड केला. स्वीकाराइतका नकार सोपा न ठेवल्याबद्दल डिसेंबर २०२१ अखेरच्या निर्णयांत गूगलला १५ कोटी व फेसबुकला ६ कोटी यूरो दंड झाला. सप्टेंबर २०२५ मध्येही अशाच स्वरूपाच्या कारणांसाठी गूगल व शीन या कंपन्यांवर अनुक्रमे ३२.५ कोटी व १५ कोटी यूरोंचे दंड बसविण्यात आले.

शेकडो जाहिरातसंस्थांपर्यंत वाचकाचा होकार वा नकार पोहोचविण्यासाठी त्या व्यवसायाच्या यूरोपीय संघटनेने २०१८ मध्ये एक सामाईक चौकट तयार केली. तिच्यात वाचकाची निवड सांकेतिक अक्षरमालिकेच्या रूपाने नोंदली जाते. ही मालिकाही व्यक्तिगत माहितीच ठरू शकते, असा निर्णय यूरोपीय न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी दिला. संमतीची नोंद ठेवण्यासाठीही व्यक्तीची ओळख जपावी लागते, हा या व्यवस्थेतील अंगभूत पेच त्यातून उघड झाला.

दरम्यान ब्राउझरांनीही स्वतंत्र पावले उचलली. सफारीने मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी सरसकट अडविल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्येच ज्ञात मागोवाकुकींना आपोआप मज्जाव केला होता. क्रोममधून त्या वगळण्याचा जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलेला बेत मात्र गूगलने जुलै २०२४ मध्ये सोडून दिला. परिणामी संमतीच्या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानाने परस्पर दिले नाही. ते कायद्यावर व संकेतस्थळचालकाच्या वर्तनावर अवलंबून राहिले.

भारतातील पार्श्वभूमी : संमतीची कायदेशीर कल्पना भारतात जुनी आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार दोन व्यक्ती एकाच गोष्टीविषयी एकाच अर्थाने सहमत होतात, तेव्हा त्यांची संमती झाली असे मानतात; बळजोरी, गैरवाजवी दडपण, कपट, दिशाभूल वा चूक यांमुळे मिळालेली संमती मुक्त ठरत नाही. या तत्त्वाची कसोटी लवकरच दख्खनमध्ये लागली. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या दंग्यांत कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर भर होता. न वाचता आलेल्या कागदावर उठविलेली निशाणी हे त्यांच्या असंतोषाचे एक कारण होते. त्यानंतर झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्राम-निबंधकासमोर व त्याच्या देखरेखीखाली लिहिले जावेत, अशी तरतूद केली. निशाणी आहे म्हणजे संमती आहे, हे गृहीतक त्या कायद्याने नाकारले.

जाहिरातींच्या क्षेत्रात संमतीचा प्रश्न भारतात प्रथम दूरध्वनीच्या निमित्ताने आला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००७ च्या विनियमांनी व्यापारी दूरध्वनी नको असलेल्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. तिच्यात नाव नोंदविण्याचा भार ग्राहकावर होता. २०१८ च्या विनियमांनी संदेश पाठविणाऱ्यांची, संदेशांच्या नमुन्यांची व ग्राहकाच्या संमतीची नोंद ठेवण्याची व्यवस्था आणली. यूरोपात २००२ ते २००९ या काळात झालेले स्थित्यंतर येथेही काही अंशी घडले.

संकेतस्थळांच्या बाबतीत माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० व त्याखालील २०११ चे नियम हीच दीर्घकाळ मुख्य तरतूद होती. त्या नियमांनी परवलीचे शब्द, आर्थिक तपशील, आरोग्यविषयक माहिती इत्यादी संवेदनशील माहितीसाठी संमती आवश्यक केली. आंतरजालावरील भ्रमंतीची नोंद त्या यादीत नव्हती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात कुकींचा व त्यांद्वारे वाचकाच्या वर्तनाची माहिती मिळविण्याचा स्पष्ट उल्लेख आढळतो. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जुलै २०१८ मध्ये सादर केलेल्या अहवालात वारंवार विचारल्या जाणाऱ्या परवानग्यांमुळे येणाऱ्या थकव्याची दखल घेतली. २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले आणि अखेर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ यास ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मान्यता मिळाली.

या अधिनियमात ‘कुकी’ हा शब्द येत नाही. परंतु व्यक्ती ओळखता येईल अशी कोणतीही डिजिटल माहिती त्याच्या कक्षेत येते आणि जाहिरातकुकीतून जमणारी माहिती पुष्कळदा या वर्णनात बसते. माहिती गोळा करणाऱ्यास कायद्याने विश्वस्ताची भूमिका दिली आहे. संमती स्वेच्छेची, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी; ती स्पष्ट कृतीतून व्यक्त व्हावी; ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे; आणि वाद झाल्यास संमती घेतल्याचे विश्वस्ताने सिद्ध करावे, असे बंधन आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा मागोवा घेण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती देण्यास मनाई असून तिच्या भंगास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संमतीविषयक तरतुदींच्या भंगास ५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांनुसार संमतीविषयक मुख्य कर्तव्ये अठरा महिन्यांनंतर, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हावयाची आहेत.

यूरोपीय कायद्याहून ठळकपणे वेगळी अशी एक तरतूद या अधिनियमात आहे. संमतीची मागणी आणि तिच्यासोबतची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय वाचकास द्यावा लागतो. या अनुसूचीत २२ भाषा असून त्यांत मराठीचा समावेश आहे. यूरोपीय नियमावलीतही भाषा सुबोध असावी असे म्हटले आहे. भारतीय कायद्याने भाषांची यादीच निश्चित केली.

हिंगोली जिल्ह्याचा संदर्भ : या तरतुदीचे महत्त्व हिंगोलीच्या इतिहासातून स्पष्ट होते. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. त्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे पाच तालुके आहेत. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी झालेला १८७९ चा इंग्रजी कायदा त्यास लागू नव्हता. संस्थानाच्या राज्यकारभाराची व न्यायालयांची भाषा आरंभी फार्सी व १८८० च्या दशकापासून उर्दू होती. लोकांची बोली मराठी, तर कचेरीतील हुकूम व दावे उर्दूत, अशी स्थिती अनेक दशके राहिली. अर्ज लिहून घेण्यास आणि आलेला कागद वाचून घेण्यास सामान्य शेतकऱ्यास मध्यस्थ लागे. १९५६ मध्ये हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ मुळे मराठीस राज्यकारभारात अधिकृत स्थान मिळाले. ज्या कागदाने माणूस बांधला जातो, तो त्याच्या भाषेत असावा, हे या प्रदेशात अलीकडे साध्य झालेले तत्त्व आहे.

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर हेच तत्त्व पुन्हा पणास लागले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७८ टक्के होते; सु. ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. शेतमालाचे भाव, पावसाचा अंदाज, परीक्षांचे निकाल आणि वृत्ते यांसाठी आंतरजालाचा वापर खेड्यांतही होऊ लागला. मजकूर मराठी, पण त्यावर आडवी येणारी संमतिपट्टी इंग्रजी असेल, तर वाचक ती बाजूला सारण्यासाठी मोठे बटन दाबतो. या कृतीस संमती म्हणावयाचे, तर १८७२ च्या अधिनियमातील ‘एकाच गोष्टीविषयी एकाच अर्थाने’ ही अट तिच्यात पुरी होत नाही.

केवळ मराठी भाषांतरानेही प्रश्न पूर्णतः सुटत नाही. जिल्ह्यात मराठीखेरीज उर्दू व बंजारा या भाषा बोलणारे लोक आहेत. उर्दू आठव्या अनुसूचीत आहे, बंजारा नाही. तांड्यावरील वयस्क व्यक्तीस, तसेच निरक्षर व्यक्तीस, लिखित सूचनेचा उपयोग मर्यादित असतो. यांखेरीज एकच भ्रमणध्वनी कुटुंबातील अनेक व्यक्ती वापरतात. कुकी ब्राउझरला ओळखते, माणसाला नव्हे. त्यामुळे वडिलांनी दिलेला होकार मुलीच्या अभ्यासाच्या वेळीही लागू राहतो आणि अल्पवयीनांसंबंधीच्या मनाईचे पालन कठीण होते.

संमतीव्यवस्था उभारण्याची पद्धती : वसमत व हिंगोली या हळदीच्या प्रसिद्ध बाजारपेठा होत. तेथील एखाद्या हळदविक्रेत्याने स्वतःचे संकेतस्थळ काढले आणि त्यावर जाहिरातसंस्थेची मागोवाखूण बसविली, असे गृहीत धरल्यास पुढील क्रम उचित ठरतो. प्रथम, संकेतस्थळावरून कोणत्या कुकी ठेवल्या जातात, त्या कोणाच्या व किती मुदतीच्या आहेत, याची मोजदाद करावी लागते. तयार साचे आणि दुसऱ्या संस्थेच्या चित्रफिती वा नकाशे वापरले असल्यास चालकासही ठाऊक नसलेल्या कुकी त्यांतून येतात. दुसरे, त्यांचे हेतूनुसार वर्गीकरण करावे. खरेदीची टोपली व प्रवेशाची ओळख यांसाठीच्या कुकी आवश्यक होत. भेटींची मोजणी व जाहिरात यांसाठीच्या कुकी ऐच्छिक होत. ज्यांचे प्रयोजन सांगता येत नाही, त्या काढून टाकणे इष्ट असते.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे होकार येईपर्यंत ऐच्छिक कुकी प्रत्यक्षात रोखून धरणे. पट्टी दिसते, परंतु तिच्याआड जाहिरातीची आज्ञावली आधीच चालू झालेली असते, असा दोष वारंवार आढळतो. ब्राउझरमधील साठविलेल्या कुकी पुसून पान नव्याने उघडल्यास आणि पट्टीला स्पर्श न करता कुकींची यादी पाहिल्यास हा दोष तत्काळ उघडकीस येतो. नकार दिल्यानंतरही हीच तपासणी पुन्हा करावी लागते.

चौथी पायरी मजकुराची. ‘आपला अनुभव अधिक चांगला करण्यासाठी आम्ही कुकी वापरतो’ या वाक्यातून वाचकास काहीच कळत नाही. ‘आपण येथे कोणती पाने पाहिली, याची नोंद जाहिरातसंस्थेस द्यावी काय? होय, द्या. नको, देऊ नका.’ अशी रचना हेतू व परिणाम दोन्ही सांगते. दोन्ही बटने सारख्याच आकाराची, सारख्याच रंगाची व एकाच पानावर असावीत. कोणती माहिती व कशासाठी, संमती कशी मागे घ्यावी आणि माहिती संरक्षण मंडळाकडे तक्रार कशी करावी, हे सूचनेत स्वतंत्रपणे देणे २०२५ च्या नियमांनुसार आवश्यक आहे. ध्वनिमुद्रित सूचनेची कायद्याने सक्ती केलेली नाही. तथापि वर निर्देशिलेल्या वाचकांसाठी ती उपयुक्त ठरू शकते.

अखेरीस, दिलेल्या संमतीची तारीख, वेळ व त्या वेळचा सूचनेचा मजकूर जपून ठेवावा आणि प्रत्येक पानाच्या तळाशी निवड बदलण्याची सोय द्यावी. विक्रेता जर्मनीतील ग्राहकास यूरोमध्ये भाव सांगून माल पाठवीत असेल, तर यूरोपीय नियमावलीही त्यास लागू होते. संकेतस्थळ केवळ तेथून दिसते, एवढ्याने मात्र ती लागू होत नाही. गूगलच्या जाहिराती दाखविणाऱ्या प्रकाशकांना यूरोप व ब्रिटनमधील वाचकांसाठी मान्यताप्राप्त संमतियंत्रणा वापरण्याचे बंधन त्या कंपनीने जानेवारी २०२४ पासून घातले. त्यामुळे परदेशस्थ मराठी वाचक असलेल्या लहान वृत्तस्थळांनाही या व्यवस्थेची ओळख करून घ्यावी लागली.

मूल्यमापन : संमतिपट्ट्यांवर दोन प्रमुख आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, प्रत्येक संकेतस्थळी तोच प्रश्न आल्याने लोक विचार न करता उत्तर देतात आणि मूळ हेतू निष्फळ होतो. दुसरा असा की, लहान प्रकाशकांचे उत्पन्न जाहिरातींवर अवलंबून असते आणि नकार वाढल्यास ते घटते. दुसऱ्या आक्षेपात तथ्य असले, तरी वाचकाचा मागोवा न घेता केवळ पानाच्या विषयानुसार जाहिरात देण्याचा मार्ग उपलब्ध आहे. हळदीच्या भावाच्या पानावर कृषिअवजारांची जाहिरात देण्यास वाचकाची पूर्वपीठिका लागत नाही. मुद्रित वृत्तपत्रांची जाहिरात दीर्घकाळ याच पद्धतीने चालली. पहिल्या आक्षेपावर उपाय म्हणून भारतीय कायद्याने संमती-व्यवस्थापक ही नवी संस्था कल्पिली आहे. तिच्याद्वारे व्यक्तीस आपल्या सर्व संमती एकाच ठिकाणी पाहता व मागे घेता याव्यात, अशी योजना असून अशा संस्थांच्या नोंदणीसंबंधीचे नियम नोव्हेंबर २०२६ पासून अंमलात यावयाचे आहेत. ही व्यवस्था ग्रामीण वाचकास उपयोगी पडण्यासाठी ती त्याच्या भाषेत व सामान्य भ्रमणध्वनीवर चालणे आवश्यक आहे. नकार देणाऱ्या वाचकासही बाजारभाव, वृत्त वा निकाल पूर्वीप्रमाणेच वाचावयास मिळतो किंवा नाही, यावरून एखाद्या संकेतस्थळाची संमतीव्यवस्था खरी की नाममात्र, हे ठरविता येते.